व्याह्यांच्या हातातला मग

माझ्या छातीत कफ साठतो. श्वासनळ्यांचा काही भाग सैल पडून रुंदावला आहे, तिथली सफाई आपोआप होत नाही. एरवी प्रत्येकाच्या श्वासनळीत एक पातळ, चिकट थर असतो. धूळ आणि जंतू त्यात अडकतात, आणि अस्तरावरचे अतिशय बारीक केस तो थर वर घशाकडे ढकलत राहतात. तिथून माणूस तो नकळत गिळतो. व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणेसुद्धा भाषण करता करता स्वतःचा कफ गिळत असतात, हे कळल्यापासून मला भाषणं सुसह्य वाटू लागली. थरात पाणी किती हवं तेही अस्तरच सांभाळतं. पाणी कमी पडलं की थर घट्ट होतो, केसांना तो हलेनासा होतो, आणि साचलेल्यात जंतू वाढतात.

माझी सफाई हाताने करावी लागते. रोज सकाळी पोटाखाली उशा घेऊन मी पलंगावर पालथा पडतो, डोकं कडेवरून खाली सोडतो, आणि बायको तळहाताची वाटी करून पाठ बडवते. मग खोकून जे येईल ते मगात. पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत भिंती पातळ आहेत. "वहिनी, आज जरा जोरात चाललं होतं!" असं शेजारीण म्हणते.

दिवाळीनंतर मुलीचे सासू-सासरे पिंपळनेरहून मुक्कामाला आले. पहिलाच मुक्काम. आमच्याकडे व्याह्यांना पाण्याचा पेलासुद्धा स्वतः उचलू देत नाहीत. मी जन्मभर मानपानाची टिंगल केली, आणि ते येताच बडवणं बंद केलं. कफाचा मग लपवला. खोकला दाबायचं औषध घेतलं.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय? खोकला दाबायचा नाही," बायको स्वयंपाकघरात कुजबुजली.

"व्याही आहेत घरात."

"ते काय तुमच्या फुफ्फुसात राहायला आलेत?"

दुसऱ्या संध्याकाळी मी व्याह्यांना टॉवेल-टोपी दिली, वाकून नमस्कार केला, आणि सरळ होताना श्वासच पुरेना. छातीत घरघर, अंगात ताप. बायकोने दंडाला धरून मला आत नेलं, लपवलेला मग काढून पलंगाशी ठेवला आणि मला पालथं पाडलं.

धपाधप आवाज ऐकून दोघं दारात आले. माझी लुंगी वर सरकलेली, डोकं जमिनीकडे. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते.

"भाऊ, हाई काय चालनं?" व्याही घाबरले. बायकोने सांगितलं.

"मारा, विहीनबाई, मारा," विहीण म्हणाल्या. "माले काही असा मोका भेटना नई."

मला हसू आलं नाही. बायकोचा हात दमला तेव्हा पायांची एक जोडी पुढे आली. "सरका ताई," म्हणत व्याह्यांनी हाताची वाटी कशी करायची ते विचारून घेतलं आणि सुरुवात केली. तो शेतातला हात होता. आतलं काहीतरी सुटलं, मी खोकू लागलो, आणि कफाचा मग शोधायला हात लांबवला तर तो आधीच तोंडाखाली आला होता. व्याह्यांनी धरला होता. डोक्यावर नवी टोपी तशीच.

हिरवट, घट्ट गोळा पडला. त्यांनी मगात नीट पाहिलं.

"आखो शे," ते म्हणाले.

आणखी होताच. मी चेहरा वर न करता पुन्हा डोकं खाली सोडलं.