विनूच्या रॉडला हात लावायचा नाही

विनू गेल्याचा मेसेज ईरानं पाठवला तेव्हा मी सिंगापुरात बुओना व्हिस्टा स्टेशनवर गाडी बदलत होतो. "काका, बाबा पास्ड अवे धिस मॉर्निंग. पीसफुली." ईरा त्याची एकुलती एक मुलगी, इथेच जन्मलेली, इथेच शिकलेली. मी फलाटावरच्या बाकावर बसलो आणि समोरून गाड्या जाऊ दिल्या. ज्या बातमीची दोन वर्षं धास्ती घेतली होती ती अखेर आली, तेव्हा आधी काय वाटलं म्हणाल तर राग आला. त्या 'पीसफुली'चा. विनू आणि शांतपणे? शर्टाच्या बटणांशी, चमच्याशी, लिफ्टच्या दाराशी आणि सगळ्यात जास्त बायकोशी भांडत दिवस काढलेला माणूस शेवटी शांतपणे गेला, यावर माझा विश्वास बसेना. आज काही आठवड्यांनी बसतो आहे. तो का बसला तेच लिहायचं आहे.

आमची ओळख क्लेमेंटीतली. एका फ्लॅटमधल्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. मी अकाउंटंट, तो नुकताच पुण्याहून आलेला संशोधक. ज्याच्या घरात कधी अंडंसुद्धा शिरलं नव्हतं अशा या माणसाला सिंगापुरात येऊन मासेमारीचा नाद लागला. रविवारी पहाटे रॉड घेऊन निघायचा, दुपारी उन्हानं रापून यायचा, हात रिकामे. मी मालवणचा. फ्रीज उघडून वाट बघत असायचो. "सोडून दिला," तो म्हणायचा. "केवढा होता?" तर दोन्ही हात ताणून दाखवायचा. "अरे मग आणायचास की! खायचा नाही तर पकडतोस कशाला?" यावर त्याचं एकच उत्तर, "तुला नाही कळणार सत्या." खरंच कळत नव्हतं. पुढे दोघांची लग्नं झाली, तो मेधा आणि ईराला घेऊन पासिर रिसला राहायला गेला, तरी आमचं हे भांडण चालूच होतं.

त्याला आवडायचा तो पीकॉक बास नावाचा मासा, आणि तोही उन्हाळ्यातला. इथे बारा महिने उन्हाळा, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. मे-जूनमध्ये पाऊस ओढ देतो, जलाशयाच्या कडेचं पाणी उतरतं आणि पाणगवत वर येऊन हिरवी सतरंजी होते, तो त्याचा उन्हाळा. शहाणी माणसं अशा जागी गळ टाकत नाहीत. विनू नेमका तिथेच जायचा. गवतावरून सरकणारा एक रबरी बेडूक त्याच्याकडे होता, तो टुणूकटुणूक ओढत आणायचा. खालून बास झडप घालतो आणि गिळताक्षणी तळाकडे बुडी मारतो. त्या क्षणी त्याचं डोकं वर उचललंत तर मासा तुमचा. जरा उशीर झाला की तो गवतात घुसतो, दोरा दांड्यांना गुरफटतो आणि सगळं जाम. पुष्कळ जण मग दोरा कापतात आणि घरी जातात. विनू कधी कापायचा नाही. "कापला तर तो तिथेच बांधलेला राहतो रे. उपाशी मरतो," असं म्हणायचा आणि तासभर खपून अख्खा भारा बाहेर ओढायचा.

मग आजार आला. मोटर न्यूरॉनचा. उजव्या हाताची बोटं आधी गेली, मग मनगट, मग दंड. जीभ जड झाली. डॉक्टरांनी मेधाला बाजूला घेऊन सांगितलं की आता खाणं सांभाळा, अंगावरचं मांस गेलं की हा आजार भराभर पुढे सरकतो. आणि विनूनं नेमका तिथेच हट्ट धरला. भरवून घेणार नाही. एकदा मेधानं न राहवून घास पुढे केला तर त्यानं कोपरानं ताट उडवलं. त्यानंतर तो ताट घेऊन बेडरूममध्ये जायचा, दार लावून घ्यायचा आणि बऱ्याच वेळानं बाहेर यायचा. अर्धं अन्न लुंगीवर, उरलेलं जमिनीवर. पोटात किती गेलं देव जाणे. मेधा ते पुसून घ्यायची. गालफडं बसली, पँटला दोरी लागली. मी रागावलो, ईरा रडली, काही उपयोग झाला नाही. "हात लावू नका," एवढं एकच वाक्य तो स्पष्ट बोलत असे.

अशा अवस्थेत त्यानं जलाशयावर जायचं काढलं. मेधाचा फोन आला, "सतीश, तुम्ही जा ना बरोबर. तोल गेला तर ईरा एकटी काय करणार?" मी गेलो. सकाळीच ऊन भाजत होतं, वारा पडलेला. ईरानं काठावर स्टूल मांडलं, बेडूक बांधून दिला आणि दोन पावलं मागे सरकून उभी राहिली. मी पुढे व्हायला लागलो तशी माझा शर्ट धरून तिच्या सिंगापुरी ढंगात कुजबुजली, "डोन्ट टच हिज रॉड, काका. ही विल शाऊट, लाह." विनूनं रॉडची मूठ काखेत दाबली, डाव्या हातानं कसाबसा बेडूक फेकला. तो पडायचा जवळच, तीन-चार हातांवर. मग गुडघ्यात रॉड धरून रीळ फिरवायचं. मग धाप. पुन्हा फेक. मी घड्याळ बघायचं नाही असं ठरवून बघत होतो. त्याची मान घामानं चमकत होती आणि स्टुलाचा एक पाय चिखलात रुतत चालला होता. पडला तर आधी डोकं सांभाळायचं की कमर, एवढाच विचार माझ्या डोक्यात.

गवत फाडून काहीतरी वर आलं आणि बेडूक नाहीसा झाला. विनूनं सगळं अंग मागे टाकलं. हातात जोर नव्हता म्हणून पाठीनं ओढलं. पण मासा बुडाला तो बुडालाच. रॉड काखेतून सुटायला लागला, स्टूल कलंडलं, ईराचा हात पुढे गेला आणि तिनं तो स्वतःच्याच दुसऱ्या हातानं मागे ओढला. "हात... लावू... नका!" तो ओरडला. शब्द चेंगरून बाहेर आले. दोरा ताठ. काही हलेना. अडकला. विनू ओढत होता, चेहरा काळानिळा झालेला, आणि रॉडच्या टोकाला अधूनमधून एक हिसका बसत होता. मग त्या हिसक्यांमधलं अंतर वाढायला लागलं. मला ते बघवेना. "विनू, कापू का?" मी कात्री काढली. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी ती परत खिशात घातली.

आणखी एक हिसका... अगदी हलका.

"ईरा."

"हं बाबा?"

"घे."

तिला कळलंच नाही. "व्हॉट, बाबा?"

"घे म्हणतो ना... मरेल तो."

तिनं रॉड घेतला. तो सांगत गेला, अडखळत, लाळ पुसत: रॉड वाकवू नकोस, सरळ माशाकडे रोख, आता मागे चाल, सावकाश, थांब, चाल. गवताचा भारा हळूहळू काठाला आला. मी गुडघ्यावर बसून चिखलात हात घातले, एकेक दांडी सोडवली. आत होता तो बास जेमतेम वीतभर. एवढ्यासाठी! मी हसलो, ईरा हसली, विनू मात्र हसला नाही. त्याचं लक्ष माशाच्या कल्ल्यांवर होतं. ईरानं गळ काढला आणि पिल्लू पाण्यात धरलं. ते आडवं होऊ पाहत होतं. "टाकू नको," विनू म्हणाला. "धरून ठेव. त्याचं त्याला जाऊ दे." ती ओणवी होऊन धरून राहिली. शेवटी शेपटी हलली आणि तिचे तळवे रिकामे झाले.

येताना हॉकर सेंटरवर, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांवर, थांबलो. मी तेह, म्हणजे इथला दुधाचा चहा, घेतला, ईरानं इडल्या आणल्या आणि बाबाची प्लेट त्याच्यासमोर ठेवून सवयीनं दुसरीकडे बघायला लागली. घरातली शिस्तच होती तशी. विनूनं चमच्याला हात लावला नाही. बाजूच्या टेबलावर माणसं होती, दुपारची गर्दी होती. तो म्हणाला, "चुरून दे." तिनं इडली सांबारात चुरली. "भरव."

ईरानं मान वर केली नाही. भरवत राहिली. मला समोर बसवेना, मी उगाच टिश्यू आणायला उठलो. त्यानं त्या दिवशी चारही इडल्या संपवल्या. घरी गेल्यावर दारातच मेधाला म्हणाला, "रात्री तू." तिला काय ते कळायला वेळ लागला. कळल्यावर ती आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

त्यानंतर तो वर्षभर जगला. त्यातल्या प्रत्येक जेवणाला मेधा त्याच्यासमोर बसली. भात मऊ मळायचा, घासावर फुंकर घालायची, ओठाला लावून बघायचा, मग द्यायचा. घाई केली की ठसका लागायचा, म्हणून दोघांच्या गप्पा घासाघासाला चालायच्या. मेधा आता सांगते, लग्नानंतर ती दोघं एवढी कधी बोलली नव्हती. जायच्या दिवशी सकाळीही त्यानं दोन घास खाल्ले होते.

परवा पासिर रिसला गेलो होतो. ईराला कामावरून यायला वेळ होता, मेधानं मला जेवायला थांबवून घेतलं. फ्रीजमधला दहीभात दोघांनी वाढून घेतला. मी काहीतरी बडबडत होतो. तिचं लक्ष नव्हतं. तिनं तो भात बोटांनी मळला, पार गुळगुळीत होईपर्यंत. घास उचलला आणि त्या गार भातावर फुंकर घातली. मग ओठाला लावून बघितला... आणि घास तसाच धरून समोरच्या खुर्चीकडे बघत राहिली.

त्या खुर्चीवर मी बसलो होतो. मी उठलो आणि बाजूला जाऊन बसलो.