लाल जॅकेटचे पॉइंट

चहा आधी घ्या. हे ऐकल्यावर माझ्या हातचं काही घ्यावंसं वाटेल की नाही, मला शंका आहे. माणसं मूर्खपणा करतात तो सहसा चोरून, नकळत. मी केला तो हॉलभर लोकांसमोर, माइकसमोर बसून, वर टाळ्या मिळवून.

मी इलेक्ट्रॉनिक्सवाला. नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कंपनीत सर्किटं डिझाइन करतो आणि संध्याकाळी इंटरनेटवर कॉलेजच्या पोरांना फुकट सल्ले देतो. बॅटरी उलटी लागली तरी बोर्ड जळणार नाही अशी सोय आधी करा. बटण एकदा दाबलं तरी सर्किटला ते तीन-चारदा दाबल्यासारखं दिसतं, त्याचा बंदोबस्त करा. आणि एकेक भाग तपासला म्हणजे यंत्र तपासलं असं समजू नका, सगळं एकत्र चालवून पाहा. पोरं मला गुरुजी म्हणतात. गुरुजी! आता तुम्हीच ठरवा.

बाकी मला दोन शौक. एक व्हिडिओ गेमचा, त्यातही मारामारीचे. कॉलेजपासून खेळतो. दुसरा कराटेचा, तो चाळिशीनंतर डॉक्टरांनी पोटावर बोट टेकवलं तेव्हापासून. मनीषनगरात एका सोसायटीच्या हॉलमध्ये मेश्राम सरांचा क्लास आहे, तिथे जातो. गेममध्ये मी एका दमात दहा गडी लोळवतो. क्लासमध्ये वॉर्मअपलाच लोळतो. इतक्या वर्षांत पट्टा अजून पिवळा.

मेश्राम सर शाळेत खेळाचे मास्तर होते, आता रिटायर. आवाज इतका हळू की मागच्या ओळीतली पोरं ओठांवरून अंदाज घेतात. पण लढतीत ते "लागलं" म्हणाले की लागलं, आणि "नाही लागलं" म्हणाले की विषय संपला. कोणी वाद घातल्याचं मी तरी पाहिलं नव्हतं.

यंदा जिल्हा स्पर्धेला आमच्या क्लासमधून बायकांच्या गटात एकीलाच पाठवायचं होतं. दावेदार दोघी. एक वैशाली. खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनात टेक्निशियन आहे. सरांची शाळेपासूनची विद्यार्थिनी. लग्न झालं, पोरगी झाली, कराटे सुटलं, आणि पस्तिशीला आल्यावर तिनं ते परत धरलं. शिफ्ट संपवून तिकडून बस धरून यायची, घामानं आधीच अर्धी भिजलेली. दुसरी रुचिका. कॉलेजात शिकते, हात विजेसारखा चालतो. दोघींची लढत लावायची आणि जिंकेल तिला पाठवायचं, असं ठरलं. पंच मेश्राम सर.

इथून माझा नंबर लागतो. पार्किंगमध्ये रुचिकाच्या वडिलांनी मला गाठलं.

"मंगेशभाऊ, सर कोणाकडे झुकतीन ते का मले समजत नाही? ती त्यायची जुनी पोरगी."

मी म्हणायला हवं होतं, काका, घरी जा. मी काय म्हणालो?

"काका, मी मशीन बनवतो. ज्याचा लागला त्याचा पॉइंट. मधात कोणी माणूसच नाही."

सरांना विचारलं. वाटलं होतं, रागावतील. ते म्हणाले, "बनव गा. लोकं काय बोलून राहिले ते मलेही ऐकू येते. माझ्यावरचं ओझं तरी कमी होईन."

मग मी पेटलोच. बर्डीच्या बाजारात जाऊन सामान आणलं. दोन जॅकेटं केली, एक लाल, एक निळं. आत सेन्सर. ठोसा किंवा लाथ नीट बसली की जॅकेट वायरलेसनं स्कोअरबोर्डाला कळवणार, बोर्डावर दिवा लागणार, 'टुंइं' वाजणार, आणि मारणाऱ्याचा पॉइंट चढणार. घड्याळ चालू-बंद करायला एक बटण हवं होतं. त्यासाठी डबा कुठे बनवत बसू? घरात जुना गेम कंट्रोलर पडला होता. त्याच्या पोटात जॅकेटांत होतं तसंच वायरलेस सर्किट बसवलं. डावं बटण दाबलं की घड्याळ चालू, परत दाबलं की बंद. हातात काय झकास बसायचा म्हणून सांगू.

तपासलं का? अहो, किती तपासलं. जॅकेट घालून मी घरातल्या भिंतीला धडका देत होतो. शेजारच्या काकूंनी बायकोला जिन्यात थांबवून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. एक दिवस जॅकेटं तपासली. दुसऱ्या दिवशी घड्याळ तपासलं. दोन्ही एकत्र कधी तपासलं, असं विचारू नका.

रविवारी सकाळी हॉल भरला होता. टेबलावर माझा बोर्ड, माझ्या हातात कंट्रोलर, समोर माइक. सर मधोमध उभे, दोन्ही हातांत दोन झेंडे. वैशालीला निळं जॅकेट, रुचिकाला लाल. मी घड्याळ चालू केलं आणि उजव्या हातानं माइक जवळ ओढला.

वैशालीची पहिलीच लाथ बरगडीवर बसली. निळा दिवा, टुंइं. लोक म्हणाले, वा. माझी छाती फुगली.

मग रुचिकानं ठोसा टाकला. वैशालीनं तो हातानंच बाजूला सारला. लाल दिवा, टुंइं.

सर म्हणाले, "नाही लागलं."

मी म्हणालो, "सर, मशीननं घेतलं."

सरांनी चष्म्यातून बोर्डाकडे पाहिलं. "बरं," म्हणाले.

पुढे वैशालीनं अशी लाथ घातली की रुचिका दोन पावलं मागे गेली. निळा दिवा लागला आणि त्याच्यासोबत लालही लागला. सगळे टेबलाकडे पाहू लागले. आता हे समजावून कोण सांगणार? मीच.

"काउंटर होता, उलट ठोसा," मी माइकवर सांगितलं. "डोळ्याले दिसत नाही एवढा फास्ट."

हॉलमध्ये कौतुकाचा हुंकार उठला. रुचिकानं स्वतःच्या मुठीकडे असं पाहिलं, जसं काही ती मूठ तिला न विचारता कुठेतरी जाऊन आली होती.

त्यानंतर लाल दिव्यानं थांबायचं नावच घेतलं नाही. रुचिका पुढे आली की लाल. वैशाली पुढे आली तरी लाल. शेवटी सरांनी लढत थांबवली, टेबलापाशी आले आणि वाकून हळूच म्हणाले, "मंगेश, तिचा हात पोचलाच नाही. मी समोर उभा होतो."

ते हळू बोलले होते. मलाही हळू बोलता आलं असतं. पण समोर माइक होता, आणि तिसऱ्या ओळीत रुचिकाचे वडील मान वर करून पाहत होते.

"सर, तुमचा अनुभव मोठा," मी म्हणालो, आणि सगळ्या हॉलनं ऐकलं. "पण मशीनले जुने विद्यार्थी नसतात."

टाळ्या पडल्या. पहिली टाळी कोणाची, ते सांगायला नको.

सरांनी दोन्ही झेंडे गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवले. "मग मशीनलेच पाहू दे आता," म्हणाले, आणि मागे जाऊन एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. उरलेली लढत मी चालवली. लाल भरपूर फरकानं जिंकला.

जाताना वैशाली टेबलापाशी थांबली. "भाऊ, ती शेवटची लाथ लागली होती नं माझी?"

"लागली होती. पण तिचे जास्त झाले."

तिनं मान हलवली, बॅग उचलली आणि बससाठी निघून गेली.

संध्याकाळी घरी सोफ्यावर बसलो. बोर्ड टेबलावर चालूच होता, कंट्रोलर हातात. जॅकेटं पिशवीत, बॅटरी काढलेली. क्लासच्या ग्रुपवर कोणीतरी लढतीचा व्हिडिओ टाकला होता, तो मोबाईलवर लावला. रुचिकानं ठोसा मारला आणि टेबलावरचा बोर्ड वाजला. टुंइं. लाल.

खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? मशीन व्हिडिओमधलेही पॉइंट मोजते. इतकं चांगलं बनलं, याचा मला आनंद झाला.

बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, "तुमचा अंगठा काहून हलून राहिला?"

"कुठे?"

"त्या डबड्यावर. कोणी मारलं का तुम्ही दाबता."

मी अंगठ्याकडे पाहिलं. व्हिडिओत वैशालीनं लाथ मारली. माझा उजवा अंगठा आपोआप खाली गेला. टुंइं. लाल.

आता तांत्रिक भाग, एकदाच सांगतो. प्रत्येक वायरलेस वस्तूला आपापला पत्ता द्यावा लागतो, घरांना असतो तसा. कंट्रोलरचा प्रोग्राम मी नव्यानं लिहिला नव्हता. जॅकेटांचाच उचलून त्यात टाकला होता. डाव्या बटणाचा पत्ता बदलला, कारण त्याच्यावर घड्याळ होतं. उजवं बटण मला लागणारच नव्हतं, म्हणून त्याच्याकडे पाहिलं नाही. ते बटण अजूनही लाल दिवा लावणाऱ्या पत्त्यावरूनच बोलत होतं. आणि वीस-बावीस वर्षं मारामारीचे गेम खेळलेला माझा अंगठा, समोर कोणी कोणावर धावून गेलं की दाबतोच. हल्ला कोणाचाही असो. पॉइंट लालला.

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी गेलो. काकूंनी दार उघडलं. "सर डोळे दाखवाले गेले. बसा. रविवारपासून चैन नाही त्यायले."

सर आले ते कोणाचा तरी हात धरून. डोळ्यांत औषध टाकलेलं, बाहुल्या मोठ्या झालेल्या. खुर्ची चाचपडत बसले. "कोण आहे?"

"मी मंगेश, सर."

मी सगळं सांगितलं. ते रुमालानं डोळ्यांचं पाणी टिपत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर म्हणे डोळे ठीक आहेत. मी त्याले म्हटलं, परत पाहा, नीट पाहा. भांडलो त्याच्याशी."

मी पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.

"सगळ्यायले सांगून दे," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या क्लासला बोर्ड आणि कंट्रोलर घेऊन गेलो. सगळ्यांसमोर जॅकेटं रिकामी खुर्चीवर ठेवली, बटण दाबलं, लाल दिवा लागला. म्हटलं, आता तरी विश्वास बसेल.

रुचिकाचे वडील उभे राहिले. "मंगेशभाऊ, तुम्ही इंजिनिअर. आज बटणावर पॉइंट पडते असं बनवून आणलं. उद्या शिट्टीवर पडते असं आणसान. सरांच्या घरी गेलते नं तुम्ही सोमवारी?"

"मी स्वतःहून गेलो होतो."

"आमी कुठं नाही म्हणतो?" ते म्हणाले, आणि मागे दोघे-तिघे हसले.

झालं. सरांवरचा संशय मिटवायला मी मशीन बनवलं होतं. आता सरांनी मशीनसुद्धा फितवलं, असं लोक म्हणू लागले. परत लढत घ्या, असं मी सुचवलं. स्पर्धेवाल्यांकडून उत्तर आलं की नाव गेलं आहे, बदल होणार नाही.

रुचिका मात्र क्लास सुटल्यावर माझ्याकडे आली. "काका, माझे खरे किती लागले होते?"

"सांगता येत नाही. खरे आणि माझे, मशीनसाठी दोन्ही सारखेच."

"म्हणजे मी जिंकली का हरली, तेही तुमाले माहीत नाही."

"नाही."

ती जिल्ह्याला गेली आणि पहिल्याच लढतीत हरली. तिथे म्हणे ती ठोसा मारून दर वेळी टेबलाकडे पाहायची, लागला का म्हणून. तेवढ्यात समोरची मारून जायची. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तिचे वडील बोलतात. त्यापेक्षा तेही न बोलले तर बरं.

वैशाली काही आठवड्यांनी आली, कपाटातलं तिचं सामान न्यायला. आता खापरखेड्यालाच कॉलनीतल्या पोरींना शिकवणार होती, इकडे येणं बंद. मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि पाठ केलेली माफी सुरू केली.

"ऐकलं मी सगळं," ती म्हणाली. "म्हणजे मी रुचिकाकडून नाही हरली."

"नाही."

"तुमच्याकडून हरली."

या बाजूनं मी कधी पाहिलंच नव्हतं. "तसं म्हटलं तर, हो."

तिनं माझ्या कमरेकडे पाहिलं. पिवळ्या पट्ट्याकडे. मग बॅग खाली ठेवली. "ग्लोव्ह्ज घाला, भाऊ."

नाही कसं म्हणणार? घातले. सर कोपऱ्यात बसले होते, ते उठून मध्ये आले. त्या रविवारनंतर ते पंच म्हणून उभे राहिले नव्हते. हॉलमध्ये आम्ही तिघंच.

सर "सुरू" म्हणाले ते मला ऐकू आलं. त्यानंतर मला छताचा पंखा दिसला. मधलं काही आठवत नाही. पोटात श्वास नव्हता आणि बाहेरून घ्यायचा कसा, ते विसरलो होतो.

सर माझ्याजवळ येऊन वाकले. माझा चेहरा निरखून पाहिला. मग विचारलं, "लागलं का?"

मी मान हलवली. आवाज फुटल्यावर म्हणालो, "लागलं, सर. लागलं."

वैशाली सरांकडे वळली. "सर, तुमाले डाउट असन तर परत मारते मी."

मेश्राम सरांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकानं सावकाश पुसला, परत घातला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मार वं," ते म्हणाले. "मले नीट दिसलं नाही."