चुन्याची रेघ आणि लेकीची सायकल

सायकलच्या कुलुपाची किल्ली मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत गेली, तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे. आमच्या घरात जे भांडण मिटण्यासारखं असतं, त्यातली वस्तू फ्रिजवर जाते. मिसळणाच्या डब्यात गेलेली वस्तू म्हणजे थेट बायकोच्या हाताखाली. तिथून ती चोरायची तर आधी फोडणी करावी लागेल, आणि मला फोडणी येत नाही.

झालं होतं असं. लेक नववीत. आम्ही राहतो मसोलीला आणि तिची शाळा समुद्राच्या बाजूला, डहाणू गावात. दिवाळीनंतर ती सायकलने जायला लागली होती. त्या सोमवारी परत आली ती सायकल हातात धरून. हँडल एकीकडे बघत होतं, पुढचं चाक दुसरीकडे, आणि कोपर चांगलंच सोललेलं. स्टेशनबाहेरच्या बाजारात कडेला उभी असलेली एक रिक्षा मागेपुढे न बघता वळली. तिला चुकवायला ही उजवीकडे गेली आणि उजवीकडून टेम्पो आला. टेम्पोवाल्याने ब्रेक मारला, म्हणून मी हे हसतखेळत लिहू शकतोय.

"मारला ना त्याने ब्रेक!" लेक म्हणाली. ही तिची बाजू.

"आणि नसता मारला तर?" ही आईची.

मी दोन्ही बाजूंचा नव्हतो. मी कोपराला हळद लावत होतो आणि ती कमी लावतोय म्हणून बोलणी खात होतो.

निकाल लगेच लागला. सायकलला ओट्यावरच्या खिडकीच्या गजाशी साखळी. उद्यापासून रिक्षा. आणि रविवारी सायकल नरपडला, मामाकडे. "वाडीत चिकूच्या करंड्या वाहायला होईल. तिकडे टेम्पो नाहीत."

"रिक्षात मला पुढे बसवतात," लेक खाली बघत म्हणाली. "मागे चार जण भरले की पुढे. ड्रायव्हरच्या बाजूला, अर्धी बाहेर."

बायकोने हातातलं लाटणं पोळपाटावर ठेवलं. तिच्या मनात काय चाललंय ते मला ठाऊक होतं. ती नरपडची. तिच्या लहानपणी तीही सायकलवरून शाळेला जायची, सुरूच्या बनाच्या कडेने. एकदा जीपला वाट देताना दगडाच्या कुंपणावर जाऊन पडली. तिच्या वडिलांनी सायकल माळ्यावर टाकली ती टाकलीच. हनुवटीखाली अजून खूण आहे. ती हे कधी सांगत नाही, पण हायवेवरून जाताना मागे बसून माझा खांदा जो पिरगाळते, त्यात हे सगळं येतं.

"मला रविवारपर्यंत वेळ दे," मी म्हणालो.

"कशाला?"

"रस्ता नीट करतो."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. ज्या माणसाकडून मोरीतला ठिबकणारा नळ नीट होत नाही, तो रस्ता नीट करणार होता. लेकीने तर नळाकडेच पाहिलं.

"ठीक आहे," बायको म्हणाली. "शनिवारी सकाळची शाळा आहे. मी स्वतः मागून येणार. त्या बाजारात हिला एकदा जरी कड सोडून मध्ये जावं लागलं, तर सायकल तिथूनच नरपडला."

आता सांगतो, मला सायकलींचं वेड आहे. चालवण्याचं नाही, बोलण्याचं. माझं पोट आणि हँडल यांच्यात आता जागा उरलेली नाही. पण डहाणू हे सायकलीचंच गाव आहे असं मी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. तळहातासारखा सपाट रस्ता, पाठीशी खाऱ्या वाऱ्याचा रेटा, दोन्हीकडे झाडं. पाड्यांवरून कामाला येणारी माणसं सायकलवर, पाववाला सायकलवर, पोरं सायकलवर. त्यांच्यासाठी रस्त्याची एक कड मोकळी ठेवली की झालं! बाजारातही कड आहे हो. फक्त ती रिकामी नाही. तिथे रिक्षा आहेत, गाड्या आहेत, पानवाल्याचा बाक आहे, आणि मासळीवालीच्या पाट्या आहेत. सायकलवाल्याला उरतो तो रस्त्याचा मधला भाग, जिथे ट्रक आहेत.

बुधवारी मी नगरपरिषदेत जाऊन आलो. तिथल्या गृहस्थांनी चहा पाजला. "सायकलसाठी वेगळी पट्टी? सुंदर कल्पना आहे. बघू." त्या 'बघू'चा सूर मला ओळखीचा होता. मीही तलासरीच्या कचेरीत नोकरी करतो आणि दिवसभर तोच सूर लावतो.

गुरुवारी मात्र तलासरीलाच मला रस्ता सापडला. कचेरीत मोठे साहेब येणार होते. शिपायाने फाटकापासून पायरीपर्यंत चुन्याची फक्की मारली, नुसती पांढरी रेघ. आणि माझ्या डोळ्यांदेखत चमत्कार झाला. जिथे आमच्या मोटारसायकली कायम आडव्यातिडव्या लागतात, तिथली एकेक गाडी काढून लोकांनी रेघेबाहेर लावली. कुणी सांगितलं नव्हतं. एक म्हातारे शेतकरी रेघेपाशी येऊन थबकले, चप्पल काढावी की काय अशा विचारात पडले आणि लांबून वळसा घालून आत गेले. पाटी लावा, दंड करा, शिट्ट्या मारा, आपला माणूस हलत नाही. चुना दिसला की मागे सरतो. कुणीतरी येणार असतं.

संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानात चुना मागितला. दुकानदाराने डोळे बारीक केले.

"कोण आवे छे, भाई?"

कोण येतंय ते न सांगता मी नुसता हसलो. गूढ हसलो म्हणा. तेवढंच नडलं.

शुक्रवारी उजाडता उजाडता मी खिळ्याने भोकं पाडलेला पत्र्याचा डबा घेऊन बाजारात वाकलो. वाकणं हा भाग मी आधी विचारात घेतला नव्हता. दोन कुत्री माझ्या मागोमाग रेघ हुंगत चालली. पाववाला सायकल थांबवून विचारता झाला, "काका, काही नवस मानलाय का?" बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कडेपासून दोन हात जागा सोडून रेघ गेली खरी. पण मागे वळून पाहिलं तर ती अशी काही नागमोडी होती की कुणी शुद्धीत मारली असेल यावर विश्वास बसू नये. घरी आलो तेव्हा घोट्यापर्यंत पांढरा होतो.

"गिरणीत पडलात का?" बायकोने विचारलं. मी आंघोळीला पळालो.

संध्याकाळी तलासरीहून परतताना बाजारात शिरलो आणि स्कूटरच बंद केली. कड मोकळी होती! रिक्षा एका ओळीत, रेघेबाहेर. बाक भिंतीला. मासळीवालीच्या पाट्या पायरीवर. एका जुन्या खड्ड्यात ताजी खडी पडली होती. आणि माझ्या नागमोडी रेघेला समांतर कुणीतरी गेरूची दुसरी रेघ मारली होती, तितक्याच निष्ठेने वळणं घेत.

"मंत्री येताहेत," पानवाला म्हणाला. "विवळवेढ्याला महालक्ष्मीचं दर्शन, मग इकडे समुद्रावर मुक्काम."

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणताहेत."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी रेघेकडे बघत हिशेब करू लागलो. खोट्या पाहुण्यासाठी मोकळी झालेली ही कड किती वेळ टिकणार? मला फक्त शनिवारची सकाळ हवी होती.

शनिवारी बायकोने मोहरीतून किल्ली काढली. लेकीने कुलूप उघडलं. ती पुढे सायकलवर, मागे आम्ही स्कूटरवर. लेक ताठ बसली होती, मान अजिबात हलू न देता. परीक्षेला बसल्यासारखीच. खांद्यावर बायकोची पकड होती.

बाजार आला. रेघ होती, कड मोकळी होती. लेक आत वळली. बायको पुटपुटली, "हे कुणी केलं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि शिट्टी वाजली.

खाकी शर्टातला एक माणूस हात आडवा करून लेकीसमोर उभा होता.

"ए पोरी! पट्टीच्या आत नाही यायचं. बाहेर हो, बाहेर!"

मी जिच्यासाठी रेघ मारली होती, तिलाच रेघ बाहेर काढत होती. लेक गोंधळली. पाय टेकला, मागे पाहिलं, आमच्याकडे नाही, रस्त्याकडे. खडीने भरलेला एक ट्रक स्टेशनच्या वळणावरून येत होता. "चल, चल, हो बाहेर," शिट्टी पुन्हा वाजली. तिने हँडल उजवीकडे वळवलं. ट्रकने हॉर्न दिला. पुढचं चाक रेघेवर आलं, चुन्यावर किंचित घसरलं. माझ्या खांद्यात बायकोची बोटं रुतली आणि एकदम सुटली. स्कूटर पुरती थांबायच्या आत ती उतरली होती.

"थांब!" ती ओरडली. "आत! आतच थांब!"

लेकीने सायकल मागे खेचली. ट्रक रेघेला घासून गेला. चुन्याची धूळ उडाली आणि लेकीच्या निळ्या स्कर्टवर बसली.

बायको त्या खाकी माणसासमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढला नव्हता. मी घाबरतो तो याच आवाजाला.

"कोण येणार आहे इथून?"

"मोठे साहेब आहेत, ताई."

"कोणते?"

"ते... वरून आहेत."

"कधी येणार?"

त्याने पानवाल्याकडे पाहिलं. पानवाल्याने रिक्षावाल्याकडे. रिक्षावाल्याने आभाळाकडे.

आता माझी पाळी होती. स्कूटर स्टँडला लावली, घसा साफ केला. "कुणी येणार नाही," मी म्हणालो. "रेघ मी मारली. हिला शाळेत जायला."

मी मार खायची तयारी ठेवली होती. आधी मासळीवाली हसली. पायरीवरच्या पाट्यांवर हात मारून हसली.

"अगं बाय! या पोरीसाठी मी कालपासून पायरीवर चढून बसलेय? दादा, आधी सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं तर सरकली असतीस, मावशी?" रिक्षावाला म्हणाला.

"तू सरकला असतास?"

"मी? मी तर मंत्र्यासाठीपण अर्धाच सरकलोय."

खाकी माणूस हसला नाही. त्याने शिट्टी खिशात घातली, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "रेघ तरी सरळ मारायची, काका."

बायको बाजूला झाली. हात लांब करून तिने लेकीला वाट दाखवली, पाहुण्याला दाखवतात तशी. "हिच्यासाठीच होती ना? मग जाऊ दे हिला."

लेक निघाली. सगळा बाजार बघत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत ती रेघेच्या आतून गेली, माझ्या प्रत्येक वळणाबरोबर थोडी थोडी वळत. शेवटच्या रिक्षाचं चाक आत आलेलं होतं. ड्रायव्हरने उतरून रिक्षा मागे ढकलली.

घरी आल्यावर आम्ही फोनकडे बघत बसलो. आमच्याकडे पोचल्याचा मिस्ड कॉल द्यायचा असतो. शाळेसमोरच्या वह्यांच्या दुकानातून लेक एक रिंग देते आणि तोडते. रिंग येत नव्हती. बायकोने कांदा चिरायला घेतला आणि नुसता हातात धरून ठेवला. "दुकान उघडलं नसेल," मी म्हणालो. "उघडतं ते," ती म्हणाली. मी उठून नळ घट्ट केला. तो ठिबकतच राहिला. मग रिंग आली. एक, आणि तुटली. बायकोने कांदा चिरायला सुरुवात केली आणि डोळे पुसले. कांदाच असेल.

दुपारपर्यंत रेघ पायांखाली गेली. बाक परतला, पाट्या उतरल्या, रिक्षा पसरल्या. मी ते घरी सांगितलं नाही. पण संध्याकाळी बायको भाजी आणायला गेली होती. तिने पाहिलंच.

रविवारी सकाळी मामाचा फोन आला, टेम्पो इकडे येतोय, सायकल पाठवताय ना म्हणून. लेक दारात उभी राहिली. बायकोने फोन कानाशी धरून सायकलकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "राहू दे इकडेच." मग फोन ठेवून मला म्हणाली, "चुना उरलाय का?"

"आहे थोडा."

"डबा द्या इकडे. तुमच्या रेघेवरून माणूस गेला तर त्याला घेरी येईल."

सोमवारी उजाडताना ती बाजारात वाकली. रांगोळीचा हात तिचा. चुना असा सरळ उतरत गेला की कुत्रीही बाजूने चालली. आता ती दर सोमवारी मारते. रेघ बुधवारपर्यंत टिकते, पुढचे दिवस ती माझ्या स्कूटरवर बसून लेकीच्या मागून जाते. नगरपरिषदेत मी जाऊन बसतो. चहा मिळतो. रंगाची पक्की पट्टी मिळालेली नाही. कड पूर्ण मोकळी होत नाही, पण रिक्षावाले लेकीला पाहून थोडं तरी सरकतात.

"वहिनी, आज कोण येणार?" परवा एकाने विचारलं.

"रोजचीच," ती म्हणाली, डबा हलवत.

किल्ली आता दाराजवळच्या खिळ्याला असते. मोहरीशेजारच्या वाटीतल्या हळदीने ती अजून पिवळी आहे. आणि मिस्ड कॉल येईपर्यंत आमच्याकडे कुणी चहा घेत नाही.