मागे राहणारा माणूस

स्पर्धेसाठी दुबईला निघालो तेव्हा पिंपळगाव बसवंतपासून मुंबई विमानतळापर्यंत मी किरणशी एक शब्द बोललो नाही. माझी मुलगी सायली जन्मापासून अंध; शंभर मीटर धावते. किरण तिचा गाईड. दोघांच्या हातांत एक आखूड दोरी असते. नियम असा, की शेवटच्या रेषेवर धावपटू पुढे आणि गाईड मागे हवा. मागच्या वर्षीच्या निवड स्पर्धेत या पठ्ठ्याची छाती पुढे गेली आणि जिंकलेली पोर बाद झाली. तेव्हापासून मला दुसरा गाईड हवा होता. सायली ऐकेना.

पहिल्याच संध्याकाळी हॉटेलशेजारच्या दुकानात कांदा दिसला. भाव ऐकून माझं डोकं फिरलं. मल्याळी दुकानदार म्हणाला, "नासिक का है, चाचा!"

"मलाच सांगतोस? कांद्याचाच व्यापारी आहे मी!"

हुज्जत घालून भाव पाडला. पिशवी हातात आल्यावर सुचलं, याचं करायचं काय? सायली हसून बेजार. किरणने बुक्कीने कांदा फोडला आणि आम्ही तो खुबूसबरोबर (तिकडची मऊ रोटी) खाल्ला.

सकाळी सरावाच्या मैदानावर गेलो. कुंपणापलीकडे नुसती वाळू आणि डोळे दिपवणारं ऊन. केनियाची एक मुलगी गाईडला काहीतरी सुनावत होती आणि तो खो खो हसत होता. मी सायलीला म्हणालो, "परत गेलो की दुसरा बघू."

"बाबा, पूर्वी बैलबाजारात तुम्ही हत्ता (रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायची रीत) करायचात. हातावरून माणूस कळतो म्हणता ना? मग याचा हात बघा."

तिने शर्यतीत बांधायची आपली पट्टी माझ्या डोळ्यांवर बांधली आणि दोरी बोटांत अडकवली.

"काका, चालायचं का पळायचं?" किरणने विचारलं.

"पळ रे. भितो का मी?"

भीत होतो. दोन पावलांत वाटलं, पुढे विहीरच आहे. तेवढ्यात त्याचा हात माझ्या हाताला टेकला. तो ओढत नव्हता, ढकलत नव्हता. मी बुजलो की तो हळू व्हायचा, मी सैल सुटलो की तोही सुटायचा. रुमालाखाली हजार हात धरले. प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी काढून घ्यायचं होतं. या हाताला काही नको होतं.

थांबल्यावर मी विचारलं, "निवडीच्या वेळी काय झालं होतं?"

"जिंकतोय म्हणून हुरळलो, काका. चूक माझीच."

एवढा सरळ माणूस बाजारात उपाशी मरेल. मी पट्टी सोडून सायलीच्या हातात दिली.

अंतिम शर्यतीआधी सगळं स्टेडियम गप्प झालं. धावणाऱ्यांना इशारा ऐकू यावा म्हणून. बार झाला. दोघं एकाच पावलाने सुटली. शेवटी चौघी एका ओळीत आल्या आणि मला सायली दिसेना, फक्त किरणची छाती दिसत होती. फोटो तपासून निकाल लागेपर्यंत पदक गेलं उडत, पोर बाद होऊ नये एवढंच मनात होतं. फलकावर नाव आलं. चौथी, पण बाद नाही. सायलीने किरणच्या पाठीत धपाटा घातला आणि दोघं ट्रॅकवरच बसली.

परतताना मी गाडी आधी विंचूरला घ्यायला लावली. किरणची आई दारातच उभी होती. मला बघून गडबडली.

"काय झालं वो शेठ? पोराचं काही चुकलं का?"

"मागे राहिला तुमचा पोरगा."

तिचा चेहरा उतरला. सगळं आयुष्य मी 'मागे राहिला' हे दोन शब्द लोकांच्या तोंडावर मारत आलो. त्या दारात ते पहिल्यांदा मायेने निघाले.

"राहू द्या तसाच, माउली," मी म्हणालो. "माझ्या लेकीला हाच लागतो."