बसकी मोटार आणि कापड्याचा नवरदेव

चहा हातात असेल तर आधी खाली ठेवा, मग ऐका. नाहीतर हसता हसता सांडाल आणि धोतर धुताना मला शिव्या द्याल. मी जो गाढवपणा केला, तसा पोलादपुरात आजवर कुणी केलेला नाही. पुढेही कुणाची छाती होईल असं वाटत नाही!

तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडे होता आणि आपल्याकडे दारूबंदी. गोव्याकडून कशेडी घाटानं मोटारींतून चोरून बाटल्या यायच्या. हे एवढं तुम्ही लक्षात ठेवा. मी नव्हतं ठेवलं!

माझी पोलादपुरात भाताची गिरणी. दाराशी एक जुनी विलायती मोटार, लढाईच्या आधीची. चालायची झकास, पण दिसायची कशी? कुत्र्याला बघून पाठ उंच केलेल्या मांजरीसारखी!

एकदा मुंबईची कुणाचीतरी मोटार स्टँडवर चहाला थांबली. काय तिचा थाट! लांब, चपटी, जमिनीला पोट टेकून बसलेली. आमच्या थोरल्या बंधूंच्या सुमीचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा कापडे गावचा, लग्न महाडला, आणि नवरदेवाला आणायची कामगिरी माझ्यावर. मी म्हटलं, आणीन तर अशा गाडीतूनच!

गेलो महाडला हसनमियां मिस्त्रीकडे.

"मिस्त्री, गाडी खाली करायची."

त्यानं आत डोकावून पाहिलं. "खालीच तर हाय. सामान कुठं हाय?"

"तसं नव्हे हो! बसकी करायची. जमिनीला लागेल अशी."

मिस्त्रीनं हातातला पाना खाली ठेवला. "लोक स्प्रिंगची कमान बसली म्हनून माज्याकडं रडत येतात, आनि तुमी चांगली कमान बसवाया आलात?"

पण केली बुवा त्यानं. कमानींचे पाटे काढले, आसावर लाकडी ठोकळे घातले. दारांखालच्या पायऱ्या कापल्या. मागच्या चाकांवर पत्र्याचे पडदे लावले. वरून दुधी, खालून काळा रंग. मी त्याला शपथ घातली, "ही कारागिरी कुणाला सांगायची नाही!" कारण पोलादपुरात दुसरी मोटार एका कंत्राटदाराची, आणि तो माझं बघून बंगलासुद्धा तसाच रंगवायचा.

घरी आणली. बायको बाहेर आली, एक फेरी मारली.

"अहो, चाकांना पदर कशाला?"

"फॅशन!"

"आणि मागून खचली कशानं?"

"खचली नाही, बसवलीय!"

आता खरी गंमत. दुसऱ्याच दिवशी स्टँडवरच्या हॉटेलात चहा पीत होतो, तर एक काळ्या टोपीवाला अनोळखी माणूस माझ्या गाडीच्या मागं उकिडवा बसलेला! खाली वाकून बघतोय, हातानं उंची मापतोय.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कंत्राटदाराचा हेर!

"गाडी लई बसलीय मागून," तो म्हणाला.

"बसू दे."

"काय वजन हाय काय आत?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"सहज विचारलं. आता कुठं निघालात?"

मी कसला सांगतोय! म्हटलं, "तुडीलला." आणि गेलो सरळ कशेडीच्या दिशेला. परत येतो तर हा घाटाच्या पायथ्याशी झाडाखाली विडी ओढत उभा! पुढं एकदा त्याला सांगितलं महाड, आणि गेलो कापड्याला. तिथंही नदीकाठी हाच. बघा, कसा पाठीमागं लागला होता!

मग मीही काही कमी नाही. गाडी गिरणीच्या मागं, कोंड्याच्या ढिगाआड लावायला लागलो. वर ताडपत्री. कुणी जवळ आलं की पाटे-ठोकळे दिसू नयेत म्हणून मागं जाऊन उभा राहायचो. बायको म्हणाली, "पदर झाला, आता लुगडंही नेसवलंत. काय चाललंय तुमचं?"

"तुला नाही कळायचं. माणसं टपलीत!"

लग्नाचा दिवस उजाडला. कापड्याहून नवरदेव घेतला, मुंडावळ्या बांधलेला. शेजारी त्याचे वडील, भला मोठा फेटा. त्यांच्या फेट्याला वर छप्पर अडत होतं आणि गाडीला खाली रस्ता! प्रत्येक धोंड्याला खर्रर्र.

"व्याहीबुवा, खाली काय घासतंय?"

"फॅशन आहे!"

"असंल, असंल," म्हणाले, पण दाराची कडी काही त्यांनी सोडली नाही.

महाड जवळ आलं आणि रस्त्यात आडवा दोर. शिपाई उभे. त्यांच्या मधोमध तोच टोपीवाला, पण आज अंगावर फौजदाराची खाकी! मी म्हटलं, कमाल झाली, कंत्राटदारानं पोलीससुद्धा हाताशी धरले?

"उतरा सगळे," तो म्हणाला.

आम्ही उतरलो. गाडी होती तिथंच. तसूभर वर आली नाही!

"बघा! माणसं उतरली तरी गाडी उठत नाही. खाली काय दडवलंय?"

"ते मी सांगणार नाही."

"कुणी करून दिलं हे?"

"नाव घेणार नाही. मी त्याला शपथ घातलीय. तुम्ही त्याला फोडाल!"

व्याह्यांचा चेहरा पांढरा पडला. मला बाजूला ओढून म्हणाले, "व्याहीबुवा, धंदा कसला हाय तुमचा? आमाला तर भाताची गिरन सांगितली होती! असल्या घरची पोर आमी करायची?"

तेव्हा कुठं माझ्या पायाखालची जमीन सरकली. माल! हे लोक माल शोधतायत! मी ओरडलो, "अहो साहेब, दारू नाही, फॅशन आहे!" पण आता कोण ऐकतोय? गाद्या रस्त्यावर आल्या. एक शिपाई खाली शिरायला गेला आणि खांद्यापर्यंतच गेला.

"साहेब, शिरायला जागाच नाय!"

"मुद्दाम केलीय तशी! उचला!"

सगळ्यांनी मिळून गाडी उचलली. नवरदेवानंसुद्धा हात लावला, मुंडावळ्या सावरत. "ठोकळे हायत लाकडाचे." "फोडा, पोकळ असतील!" घण बसला. ठोकळा दुभंगला आणि गाडी एका कुशीवर कलंडली. आत काय? लाकूड. नुसतं सागाचं लाकूड!

फौजदारांनी एक तुकडा उचलून उलटापालटा करून बघितला. मग मला म्हणाले, "म्हणजे ही गाडी चांगली होती?"

"होय."

"आणि तुम्ही स्वतः होऊन, पैसे देऊन, अशी करून घेतली?"

"होय साहेब."

"अहो, दारू सापडली असती तर निदान माणूस हुशार आहे असं तरी म्हटलं असतं!"

शिपाई तोंडं फिरवून हसले. व्याहीही हसले, आणि खरं सांगतो, त्यांचं ते हसू बघून माझ्या जिवात जीव आला. घराणं चोर नाही, नुसतं खुळं आहे, एवढी त्यांची खात्री पटली. पण मुहूर्ताचं काय? शेवटी फौजदारांनीच नवरदेवाला आणि व्याह्यांना आपल्या लॉरीत घेतलं. मी मागं राहिलो. मोडकी गाडी, रस्त्यावर गाद्या, आणि मी जरीच्या टोपीत!

बैलगाडीला मोटार बांधून मंडपात पोचलो तेव्हा अक्षता पडून पंगत बसली होती. पोलिसांच्या बंदोबस्तात आलेल्या नवरदेवाची महाडभर वाहवा चाललेली. फौजदार पाटावर बसून जिलबी खात होते आणि बंधू मला म्हणाले, "उभा काय राहिलास? वाढ साहेबांना!"

मी जिलब्या वाढत पुढं सरकलो. व्याह्यांसमोर वाकलो आणि हळूच म्हटलं, "माफ करा, प्रवासात तुम्हाला फार त्रास झाला."

"छे, छे!" व्याही म्हणाले. "उलट लॉरीत लई ऐसपैस बसलो. परत जाताना पन फौजदारसाहेबच सोडनार हायत. तुमी काय येऊ नका!"