तिरुपतीला न दिलेले केस

नॉटिंगहॅमच्या बस स्थानकावर उतरले आणि माझी सख्खी भाची मला ओळखू आली नाही. हिथ्रोपासून तासन्‌तास खिडकीला नाक लावून हिरवी शेतं पाहत आले होते. इतका हिरवा रंग एकाच देशात कसा मावतो याचं नवल करण्यात मी गुंग होते, आणि समोर केतकी हात पसरून उभी होती. फोटोत पाहिलं होतं, पण फोटो वेगळा. डोक्यावर एक केस नाही, भुवया नाहीत, पापण्यासुद्धा नाहीत.

"मावशी, मीच आहे. दमलीस ना?" ती म्हणाली.

मी तिचं डोकं सोडून बाकी सगळीकडे बघत राहिले.

मी काही नुसती फिरायला गेले नव्हते. दिवाळीनंतर चिंचवडला तिच्या भावाचं लग्न आहे. केतकी करवली, म्हणजे नवरदेवाच्या मागे कलश घेऊन तीच उभी राहणार. निघताना तिच्या आईनं, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीनं, नीलानं, बजावलं होतं, "ताई, पोरीला विग घालायला तयार करूनच ये. नाहीतर सांग तिला, येऊ नकोस म्हणावं." एवढं बोलून ती रडली, पण शब्द मागे घेतला नाही.

माझ्या मनावर याहून मोठं ओझं होतं. दोन वर्षांपूर्वी केतकीला इंग्लंडमध्येच चाई पडली. आधी रुपयाएवढे चट्टे, मग सगळंच गेलं. कुणीतरी तिचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि मला फोनवर फोन सुरू झाले. मी सुचेल ते ठोकून दिलं, "नवस होता तिचा. चार दिवस आली आणि तिरुपतीला केस देऊन गेली." सगळ्यांचं समाधान झालं. दोघींनी प्रसादाचा लाडू मागितला, तेव्हा कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याकडून बुंदीचे लाडू आणून तेही वाटले. पण दिलेले केस वर्षभरात पुन्हा उगवतात, एवढा साधा विचार मला शाळेत पस्तीस वर्षं शिकवूनही सुचला नव्हता. म्हणून आता विग हवा होता. केतकीला यातलं काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं मला बाजारात नेलं. तिथं मऊ शिजवलेले वाटाणे वाडग्यात देतात आणि वर पुदिन्याचं आंबट पाणी घालतात. रगड्याचा कुणी लांबचा भाऊ म्हणावा. गाड्यावरच्या बाईनं विचारलं, "आणखी पुदिना घालू, डक?" (डक म्हणजे बदक, पण इथं माणसाला मायेनं हाक मारायला म्हणतात.) केतकीकडे तिनं एकदा पाहिलं, वाडगा दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. चिंचवडला आत्तापर्यंत तीन औषधं सुचवून झाली असती.

शुक्रवारी आम्ही डर्बीशरच्या डोंगरांत गेलो. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते दगडावर दगड रचलेल्या भिंती डोंगर चढून पलीकडे उतरलेल्या. ढगांच्या सावल्या पठारावरून चालत होत्या. माझा स्कार्फ वाऱ्यानं पळवला तो थेट मेंढ्यांच्या घोळक्यात. केतकी मात्र डोळे मिटून उघड्या डोक्यानं वारा घेत उभी होती. इतकी सुंदर मी तिला कधी पाहिली नव्हती. विगचा विषय तिथं काढवेना; मी स्कार्फ आणायला मेंढ्यांकडे निघाले.

शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. केस गेलेली माणसं आपापला अनुभव सांगतात, ज्याला हवं त्यानं यावं, ऐकावं. लोकांना हे कळायला हवं म्हणून केतकी आणि तिचा मित्र रोहन तो भरवतात. रोहनचा जन्म इथलाच, वॉटफर्डचा; मराठी थोडं मोडकं. "अहो मावशी, चहा घ्या. माझा आजी साताऱ्याची," तो म्हणाला. डोकं त्याचंही गुळगुळीत.

एक ट्रक ड्रायव्हर म्हणाला, आपलं शरीरच चुकून केसांच्या मुळांवर उठतं, हे कळेपर्यंत तो स्वतःलाच दोष देत होता. मग ऐंशीच्या घरातल्या एक बाई उठल्या, मार्गारेट. "चाळीस वर्षं मी विग घालून झोपले. नवरा गेला, पण त्यानं माझं डोकं कधी पाहिलं नाही. त्याला चाललं असतं, असं आता वाटतं," त्या म्हणाल्या आणि सावकाश बसल्या. परक्या माणसांसमोर इतकं खरं बोलता येतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

"मावशी, तुम्ही पण बोला ना, मराठीत चालेल. मी ट्रान्सलेट करतो," रोहन म्हणाला.

मी उठले. चार ओळी भारताबद्दल बोलून बसायचं ठरवलं होतं. पण तोंडून तिरुपती निघालं, नवस निघाला, लाडूसुद्धा निघाले, विगबद्दलचा नीलाचा निरोपही निघाला. रोहन सांगेल तसे लोक हसत होते. केतकी हसत नव्हती.

घरी जाताना ट्राममध्ये ती म्हणाली, "धाकट्या काकूनं तेव्हा मेसेज केला होता, धन्य आहेस पोरी. मी तो जपून ठेवलाय. सगळे केस जात होते तेव्हा रोज वाचायचे. मला वाटायचं, घरात एकीला तरी समजलं."

मी तिचा हात धरला. तिनं सोडवून घेतला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मी लग्नाला येणार, विगशिवाय. आईला नको असेल तर तिनं मला स्वतः सांगावं. आणि बाकीच्यांना खरं काय ते तू सांग," ती म्हणाली.

मुंबईला नीला न्यायला आली होती. गाडीत बसताच विचारलं, "काय म्हणाली?" मी फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं: केतकीनं नवस केला नव्हता. तिला चाई झाली आहे, केस परत येतीलच असं नाही. चाई कुणाला लागत नाही. खोटं मी बोलले. लिहिताना अक्षरं पुसट दिसत होती. पाठवून फोन नीलाच्या हातात दिला.

तिनं वाचलं. घाट ओलांडेपर्यंत ती तेच पुन्हा पुन्हा वाचत होती. मग तिच्या हातात माझा फोन वाजला. माझी चुलत जाऊ सुमन होती.

"वहिनी, आमच्या मेघनाला चाई पडून चार महिने झाले," ती दबक्या आवाजात म्हणाली. "खोलीतून बाहेर येत नाही. केतकीचं ऐकून मीच तिला म्हणत होते, तूही बोल काहीतरी नवस. केतकी तिच्याशी बोलेल का हो?"

माझ्या थापेचं हे असं कुणाच्या घरात जाऊन बसणं मला सहन होईना. मी रडायला लागले. प्रवासवर्णनात डोंगर, धुकं, राजवाडे लिहायचे असतात. ते मी पाहिलेही. पण मला तिथं भव्य दिसल्या त्या मार्गारेटबाई, आणि आपण जे लपवतो त्याची किंमत दुसऱ्यालाही मोजावी लागते, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

सुमनला हो म्हणून मी फोन ठेवला. नीलानं स्वतःचा फोन काढून केतकीला लावला.

"झोपली होतीस का गं?" ती म्हणाली. "काही नाही. लग्नाला चार दिवस आधीच ये. मला तुला बघायचंय."