पेरूचा वास

नाशिकजवळच्या एका वायनरीत आम्ही दहा-बारा पाहुणे पेले हातात धरून उभे होतो. माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, "पेला हलकेच फिरवा आणि वास घ्या. पेरूचा वास येतोय ना?"

"येतोय!" सगळे एका सुरात म्हणाले.

मला संशय आला. आमच्या तालुक्याच्या शाळेत गुरुजींनी "समजलं का?" विचारलं की आम्हीही असंच "होऽऽ" म्हणायचो. घरातला पहिला पदवीधर झालो तो गुरुजींच्या उपकारांमुळे. पण त्यातलं किती समजलं होतं आणि किती नुसत्या होकारावर निभावलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

"सर, तुम्हाला?" तिने विचारलं.

"पेरूचं झाड आमच्या परसातच होतं. यात मला काही पेरू सापडत नाही."

"सरांना आणखी एक पेला द्या!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. ती मात्र जवळ येऊन हळूच म्हणाली, "पहिले सहा महिने मलाही येत नव्हता, सर."

आता येतो का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

पुढचा पेला आला. "यात लिचीचा वास आहे," ती म्हणाली आणि क्षणभर माझ्याकडे बघत राहिली.

या वेळी सगळ्यांच्या आधी मीच म्हणालो, "हो, येतोय."